शंभर टक्के निकाली

सीमाभाग व्यापारी लवाद व मध्यस्थी केंद्राने चौदा वर्षांत एकूण किती वाद मिटवले, असं मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं. इतिहासाची सुरुवात आकड्यांनी करायची नसते, असं संचालक नागेंद्र सर म्हणाले. केंद्राच्या स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला मला जुलैपासून चार महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं. माझं शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी. इतिहास लिहायला रसायनशास्त्र कशाला, असं मुलाखतीत कुणी विचारलं नाही, कारण मुलाखतीला मी एकटीच आले होते.

केंद्र शहापुरात आहे. खाली साड्यांचं दुकान, पहिल्या मजल्यावर त्याच दुकानाचं गोदाम आणि दुसऱ्या मजल्यावर आम्ही. बाहेरची पाटी गोल आहे. २०११ साली उद्घाटनाआधी पाटीवर कन्नड वर असावं की मराठी, यावर चार बैठका झाल्या होत्या. पाचव्या बैठकीत पाटी गोल करून अक्षरं कडेने फिरवायचं ठरलं, म्हणजे वर कोण आणि खाली कोण हे वाचणाऱ्याच्या मानेवर अवलंबून राहील. पोस्टमन नवीन आला की काही दिवस पत्रं परत जातात. पण पाटीबद्दल आजवर एकही तक्रार आलेली नाही, हे केंद्राचं पहिलं यश म्हणून स्मरणिकेत घालायला सरांनी सांगितलं. मी घातलं.

‘केंद्रापूर्वीचा काळ’ हे प्रकरण सरांनी स्वतः लिहून दिलं होतं. त्याचं पहिलं वाक्य असं, की पूर्वी या भागात व्यापारी वाद मिटवण्याची कुठलीही व्यवस्था नव्हती. ते बरोबरच आहे. निपाणीत एखाद्या वखारीत तंबाखूच्या प्रतीवरून दोघांचं वाजलं, की तिथला कुणीतरी वयाने मोठा माणूस पानाला चुना लावत सगळं ऐकून घ्यायचा, दोघांनाही चार शब्द सुनवायचा आणि वीस मिनिटांत विषय संपायचा. याला व्यवस्था म्हणता येत नाही. यात फॉर्म नसतो.

आकडे मी नंतर कपाटातूनच काढले. फायली नऊ होत्या. त्यांतल्या आठ ‘अर्जदाराने मागे घेतली’ असा शेरा मारून बंद केलेल्या. मी आठपैकी तिघांना फोन लावला. तिघांनीही सांगितलं, की वाद जिन्यातच मिटला. आमचा जिना अरुंद आहे. भांडणारे दोघे त्यात समोरासमोर आले की एकाला भिंतीला चिकटून दुसऱ्याला वाट द्यावी लागते, आणि एकदा वाट दिली की वरपर्यंत येण्याचं कारण उरत नाही. नमुना लहान आहे, पण कल स्पष्ट आहे.

नववी फाईल म्हणजे फाईल क्रमांक एक. ती तेवढी उघडी होती.

त्या फायलीतला माणूस मला फायलीआधी भेटला. जुलैच्या पहिल्या सोमवारी अकराच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ जिना चढून आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा, काखेत कापडी पिशवी. नाव चंद्रप्पा, वय अठ्ठ्याहत्तर, निपाणीचे गुळाचे व्यापारी. पहाटेची बस धरून आले होते. धाप कमी झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘निकाल लागला का, बाळ?’

सरांनी शिकवल्याप्रमाणे मी सांगितलं, प्रक्रिया सुरू आहे. त्यांनी मान हलवली, अभ्यागत वहीत सही केली, मग एक पान मागे उलटून बोट फिरवलं, एका ठिकाणी थांबवलं आणि पिशवी उचलून निघून गेले. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, कंग्राळीचे जोतिबा आले. वय त्र्याहत्तर, शेतकरी, आवाज मोठा. त्यांनीही निकालाचं विचारलं, सही केली, आणि आदल्या दिवशीच्या सहीवर बोट ठेवून क्षणभर उभे राहिले. वही मागे चाळून पाहिली तेव्हा कळलं, की हे चौदा वर्षं चाललं होतं. महिन्याचा पहिला सोमवार एकाचा, त्याला लागून येणारा मंगळवार दुसऱ्याचा. दोघांनी समोरासमोर येऊ नये म्हणून केंद्रानेच वार वाटून दिले होते.

प्रकरण असं होतं. कंग्राळीत जोतिबांच्या शेतात दोघांचं भागीतलं गुऱ्हाळ होतं. ऊस आणि जागा जोतिबांची, विक्री चंद्रप्पांची. हंगामाचे चार महिने चंद्रप्पा तिथेच खोपीत मुक्कामाला असायचे. वाद एकच. दिवस बुडाल्यावर रस उकळायची काहील चुलाणावर चढवायची की नाही. चंद्रप्पा जैन. दिव्याच्या उजेडाला पाखरं येतात आणि उकळत्या रसात पडतात, तेव्हा अंधार पडल्यावर चुलाण पेटता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. जोतिबांचं म्हणणं, थ्री फेज लाइट येतेच दुपारी चारला, चरकातून रस निघेपर्यंत दिवस बुडतो, आणि रस सकाळपर्यंत ठेवला तर आंबतो, गूळ घट्ट होत नाही. हे भांडण अकरा हंगाम रोज संध्याकाळी व्हायचं. एक दिवस एकाचं ऐकायचे, एक दिवस दुसऱ्याचं. गूळ चांगला खपायचा.

मग २०११ साली केंद्र निघालं. उद्घाटन ठरलं, पाहुणे ठरले, मांडव ठरला, आणि ऐनवेळी कुणाच्या तरी लक्षात आलं की केंद्राकडे वाद नाही. चंद्रप्पांचा मुलगा श्रेयांस तेव्हा नुकताच एमबीए होऊन आला होता. आमच्या घरात एक आहे, असं त्याने सरांना सांगितलं. फोटोपुरतं आहे, महिन्याभरात शास्त्रशुद्ध निकाल मिळेल, अशी दोघांची समजूत घालण्यात आली. बारा ऑगस्टला दोघांनी फेटे बांधून व्यासपीठावर हमीपत्रावर सह्या केल्या. हमीपत्र इंग्रजीत होतं, कारण इंग्रजी कुणाचीच नसल्यामुळे निःपक्षपाती आहे. निकाल लागेपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, तिसऱ्यामार्फत निरोप द्यायचा नाही आणि गुऱ्हाळ चालवायचं नाही, असं त्यात होतं. त्या फोटोत दोघेही हसताहेत. तो स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर यायचा होता.

निकाल तसा लगेच झाला. लवाद म्हणून एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांनी दोनदा सुनावणी घेतली आणि तीन आठवड्यांत निकाल लिहून पाकिटात बंद केला. पण नियमाप्रमाणे निकाल कन्नड आणि मराठीत एकाच वेळी द्यायचा होता, आणि एकाच कागदावर, कारण दोन कागद केले तर पहिला कोणता हा प्रश्न आला असता. वर-खाली नको म्हणून शेजारी-शेजारी छापायचं ठरलं. मग डाव्या बाजूला कोण, यासाठी उपसमिती नेमली. उपसमितीच्या आजवर एकतीस बैठका झाल्या आहेत. आम्हाला दोन्ही भाषा वाचता येतात, कुठलीही चालेल, असं दोन्ही पक्षांनी २०१३ साली लेखी कळवलं होतं. पक्षकारांनी अशी नरमाईची भूमिका घेतल्याबद्दल इतिवृत्तात खेद नोंदवला आहे. न्यायाधीश २०१६ साली वारले. पाकीट कपाटात आहे. कागदाच्या पट्टीला एक पीळ देऊन टोकं चिकटवली तर तिला एकच बाजू उरते, तेव्हा अशा पट्टीवर छापून बघावं, असं मी वैतागून एका चिठ्ठीवर लिहिलं होतं. उपसमितीने तीन दरपत्रकं मागवली.

ऑगस्टच्या मंगळवारी जोतिबा आले नाहीत. सप्टेंबरच्या सोमवारी चंद्रप्पांनी वहीचं पान मागे उलटलं, बोट खाली-वर फिरवलं आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बसून राहिले. सप्टेंबरच्या मंगळवारचीही सही झाली नाही. स्मरणिका छपाईला जायच्या बेतात होती, तेव्हा ऑक्टोबरचा पहिला सोमवार आला. चंद्रप्पांनी आधी पान उलटलं, सही नंतर केली.

‘मंगळवारचं माणूस दोन महिनं झालं येईना,’ ते म्हणाले.

तिसऱ्यामार्फत निरोप नको, हा नियम मला पाठ होता. मी फायलीतला नंबर लावला. फोन जोतिबांच्या बायकोने, जयाबाईंनी घेतला. जोतिबा न्हाणीत घसरून पडले होते, खुब्याचं हाड मोडलं होतं, दोन महिने खाटेवरच. आता जिना काही त्यांना चढता यायचा नाही. मी हे चंद्रप्पांना जसंच्या तसं सांगितलं.

ते वही बंद करून तिच्यावर हात ठेवून बसले. मग म्हणाले, ‘निकाल त्याच्या बाजूनं लागू दे न्हायतर माझ्या. मला त्याच्याशी एकदा बोलायचं हाय. तेवढं बघ, बाळ.’

चौदा वर्षांत सरळ उठून कंग्राळीला का गेला नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, की हमीपत्र मोडलं तर दोघांवर कारवाई होईल, असं नागेंद्र साहेबांनी बजावलं होतं. ‘मी बोललो तर त्यो उत्तर देणार. गप बसंल असं माणूस न्हाय त्ये. माझं काय, मला चालतंय. त्याला कशाला लफड्यात घालू?’

त्यांना बसायला सांगून मी हमीपत्र काढलं. इतिहासासाठी मी त्याच्या पहिल्या पानाचा फोटो आधीच घेतला होता. दुसरं पान उलटायची वेळ माझ्यावरही आली नव्हती, हे इथे नोंदवलं पाहिजे. दुसऱ्या पानावर कलम सात होतं. हे हमीपत्र निकाल लागेपर्यंत किंवा सहीच्या तारखेपासून नव्वद दिवस, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंतच लागू राहील.

मी ते तीनदा वाचलं आणि सरांच्या खोलीत नेलं. सरांनी एकदा वाचलं आणि चष्मा काढला.

‘हे तेव्हाच कुणीतरी वाचायला पाहिजे होतं,’ ते म्हणाले.

‘सर, इतिवृत्तात लिहिलंय, व्यासपीठावर तुम्हीच वाचून अर्थ सांगत होता.’

कलम पाचपर्यंत आलो तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, असं ते म्हणाले. मग थोडा विचार करून त्यांनी सांगितलं, की विषय उपसमितीपुढे ठेवावा लागेल, कारण पक्षकारांना हे कोणत्या भाषेत कळवायचं, हाही प्रश्न आहेच. पुढची बैठक जानेवारीत होती.

मी बाहेर आले आणि चंद्रप्पांना मराठीत कळवलं.

त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. खालच्या दुकानात कुणीतरी साड्यांचे खोके ओढत होतं. मग त्यांनी विचारलं, ‘नव्वद म्हंजी कोणती तारीख पडती?’

‘दहा नोव्हेंबर २०११. अकरा तारखेपासून तुम्ही मोकळे होता, आप्पा.’

‘दिवाळी हून पंधरा दिवस झालते,’ ते म्हणाले. ‘ऊस तोडायला आलता. एकबी हंगाम गेला नसता.’

त्यांनी पिशवीतून रुमाल काढून तोंड पुसलं आणि टोपी सारखी केली.

‘जोतिबाला ह्यातलं कायबी सांगायचं न्हाय,’ ते म्हणाले. ‘रागाला आला असता तर सांगितलं असतं. त्यो लाजेनं मरंल. नातू इंग्रजी शाळंत जातोय त्याचा. घरात वाचणारं पोरगं असून कागूद वाचून घेतला न्हाय, हेच डोसक्यात घिऊन बसंल. त्याला सांग, निकाल लागला.’

‘कुणाच्या बाजूने?’

‘त्याच्या. आनि कुणाच्या?’

निकाल लागलेला नव्हता, त्यामुळे तो लागला असा कागद मला तयार करता येईना. पण जोतिबा कागदाशिवाय विश्वास ठेवणार नाहीत, असं चंद्रप्पांचं म्हणणं पडलं. शेवटी मी हमीपत्राचीच झेरॉक्स काढली आणि दोन्ही पानांवर केंद्राचा गोल शिक्का मारला. त्यात खोटं काही नव्हतं. उलट कलम सातमध्ये त्यांची सुटका लिहिलेलीच होती.

रिक्षाने आम्ही कंग्राळीला गेलो. वाटेत चंद्रप्पा एकच वाक्य बोलले, की दिवस बुडायच्या आत त्यांचं जेवण व्हायला लागतं, तेव्हा फार वेळ बसायचं नाही.

घर रस्त्याला लागूनच होतं. मागे शेतात गुऱ्हाळाची शेड दिसत होती. काहील पालथी घातलेली, तिच्या कडेला कोंबड्या. सोप्यात खाटेवर जोतिबा पडून होते. जयाबाईंनी दारात चंद्रप्पांना पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं, आणि काही न बोलता पाण्याचा तांब्या आणून ठेवला. बोलायला परवानगी आहे की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. जोतिबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, चंद्रप्पांकडे नाही.

‘निकाल लागला काय?’

‘ते आप्पाच सांगतील,’ मी म्हटलं.

‘त्याला बोलायची मुभा हाय?’

‘आहे.’ हे तरी शंभर टक्के खरं होतं.

‘कधीपासनं?’

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं. चौदा वर्षांत केंद्रात कुणीही विचारलेला हा पहिला अचूक प्रश्न होता. मी चंद्रप्पांकडे पाहिलं.

‘आजपासनं,’ चंद्रप्पा म्हणाले.

जोतिबांनी कागद घेतला, इंग्रजीवरून नजर फिरवली, शिक्क्यावर अंगठा घासून बघितला आणि कागद उशीखाली सारला. मग पहिल्यांदा चंद्रप्पांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

‘वाळलास की रं आप्पा,’ ते म्हणाले. ‘काय लागलाय निकाल?’

‘तुझ्या बाजूनं. दिवस बुडल्यावर काहील चढवायला हरकत न्हाय म्हणलाय जज्ज.’

जोतिबा आढ्याकडे बघत राहिले. आनंद झाल्याचं काही दिसेना.

‘जज्जानं कधी गूळ केलता?’

‘न्हाय.’

‘मग त्याला काय कळतंय? एवढी पाखरं पडत हुती, तू बोंबलत हुतास, त्ये त्यानं ऐकलंच न्हाय व्हय?’

‘ऐकलं की. पर रस आंबतोय, त्येबी खरंच हाय.’

‘आंबतोय म्हंजी? अकरा वर्सं हेच सांगत हुतो तुला.’

‘सांगत हुतास. म्हणून पाखरं पडायची र्‍हायली न्हाईत.’

‘पडली तर गाळून घ्यायची.’

‘गाळून मेल्यालं पाखरू उठतंय व्हय रं?’

पाच मिनिटांत दोघेही आपापल्या जुन्या जागेवर पोचले. जोतिबा कोपरावर उठून बसले, जयाबाई पडा म्हणाल्या तरी पडेनात. मला राहवलं नाही. मी सांगितलं, की उसाच्या रसातल्या साखरेचं विघटन होतं हे खरं आहे, पण त्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो, नोव्हेंबरच्या थंडीत तो कमी असतो, सामू म्हणजे पीएच मोजून पाहिला तर नेमकं किती तास रस टिकतो ते काढता येईल, आणि शेडला बारीक जाळी लावली तर पाखरांचाही प्रश्न सुटेल.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले.

‘तू मधी बोलू नगंस, पोरी,’ जोतिबा म्हणाले.

‘तिला विचारलंय कुणी?’ चंद्रप्पा म्हणाले.

चौदा वर्षांतला दोन्ही पक्षांचा तो पहिला एकमताचा निर्णय. इतिवृत्तात नोंदवायला कुणी नव्हतं. साडेपाच वाजता जयाबाईंनी न विचारता चंद्रप्पांपुढे ताट आणून ठेवलं. दिवस अजून वर होता. ताटात कांदा, लसूण आणि बटाटा नव्हता. जेवतानाही चंद्रप्पा पाखरांबद्दलच बोलत होते. मी रिक्षाने एकटीच परत आले. निघताना कुणाचं लक्ष नव्हतं.

फाईल क्रमांक एक मी ‘वाद मिटला’ असा शेरा मारून बंद केली, हे कळल्यावर सर खूश झाले. कशी बंद झाली, ते त्यांनी विचारलं नाही. एकूण वाद नऊ, त्यांतले आठ मागे घेतलेले, म्हणजे ते भागाकारात धरायचे नाहीत. उरला एक, तो मिटला. म्हणून स्मरणिकेच्या पहिल्या पानावर ‘शंभर टक्के निकाली’ असं ठळक छापलं. छेद असा निवडला तर कुठलाही टक्का काढता येतो, असं मी सांगून पाहिलं. मी मजकुरात लागलेला वेळही घातला होता, एकूण ५,१६९ दिवस, त्यांपैकी आवश्यक ९०. सरांनी ते खोडून तिथे ‘यथावकाश’ असा शब्द लिहिला.

पाकीट अजून कपाटात आहे. त्यात काय लिहिलंय हे मला जाणून घ्यायचं होतं, पण ते उघडायला उपसमितीचा ठराव लागतो, आणि डावी बाजू अजून ठरलेली नाही.

स्मरणिकेचं प्रकाशन लांबलं म्हणून माझी मुदत महिनाभर वाढवली. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी मी वही उघडून पेन काढून ठेवलं. कुणी आलं नाही. मंगळवारीही कुणी आलं नाही. केंद्रात येणाऱ्यांची संख्या एकाच महिन्यात शंभर टक्क्यांनी घटल्याबद्दल सर चिंतेत आहेत, आणि त्याची कारणं शोधण्यासाठी एक उपसमिती नेमायचं चाललं आहे.